चार हात बैलगाडी

'पुन्हा पुन्हा बघावेत असे जुने चित्रपट' या विषयावर लिहा, असं संपादकांचं पत्र आलं तेव्हा मला हसूच आलं. पुन्हा पुन्हा बघण्याची मला हौस होती की नाही, हे आजवर कुणी विचारलं नव्हतं. मी नगरच्या एका टॉकीजमध्ये ऑपरेटर होतो. म्हणजे वरच्या केबिनमध्ये बसून पडद्यावर सिनेमा पाडणारा माणूस. एकेक चित्रपट मी चाळीस-पन्नास वेळा बघितला, पण तोही भिंतीतल्या वीतभर खिडकीतून आणि अर्ध्या डोळ्यानं. उरलेला दीड डोळा मशीनवर.

आमचं काम लोकांना सोपं वाटायचं. बटण दाबलं की झालं, असं माझ्या सासऱ्यांचं शेवटपर्यंत मत होतं. खरं तर केबिनमध्ये दोन मशीन असायची. एका मशीनवरचं रीळ संपत आलं की पडद्याच्या वरच्या कोपऱ्यात एक काळा ठिपका क्षणभर उमटायचा. तो दिसला की दुसरं मशीन चालू करायचं. दुसरा ठिपका दिसला की पहिल्याचा उजेड बंद आणि दुसऱ्याचा चालू. प्रेक्षकाला काही कळलं नाही तर काम चोख, आणि कळलं तर खालून शिट्ट्या आणि घरच्यांचा उद्धार. मशीनमधला उजेड कार्बनच्या दोन कांड्यांचा. त्या जळत जायच्या आणि आम्ही त्या पुढे सरकवत राहायचो. वैशाखात केबिनमध्ये उभं राहून मी अंगावरच्या बनियनचं पाणी पिळलेलं आहे.

चुकाही व्हायच्या. एकदा गुंडाळायचं राहिलेलं रीळ मी तसंच मशीनला लावलं. पडद्यावर आख्खं लग्न छताला पाय लावून उलट्या पावली मांडवातून बाहेर पडलं, आणि मंगलाष्टकं तर कुठल्या भाषेत चालली होती देव जाणे. मॅनेजर अण्णा जिना चढून धापा टाकत वर आले आणि म्हणाले, "दत्तू, लग्न मोडलंस की रे!"

जुने चित्रपट लागायचे ते दुपारी बाराच्या मॅटिनीला. तिकीट कमी, पंखे निम्मे, आणि गिऱ्हाईक मात्र अस्सल. एक काकू होत्या. रडका शेवट असलेला चित्रपट त्या हमखास बघायच्या, पण शेवटचं रीळ लागायच्या आत पिशवी उचलून निघून जायच्या. बाहेर शेंगदाणेवाल्याला सांगायच्या, "गोड झाला हो शेवट." त्यांच्या हिशेबानं नगरमध्ये कधी कुणा नायिकेचं वाईट झालंच नाही. असो.

ज्या चित्रपटाबद्दल मला लिहायचंय त्याचं नाव मी सांगणार नाही. सांगितलं तर पुढे मी जी कबुली देणार आहे तिच्यावरून जाणकार मंडळी मला घरी येऊन बोलतील. मराठी होता, काळापांढरा होता आणि तेव्हाही अठरा-वीस वर्षांचा जुना होता. एका मास्तराची मुलगी हरवलेल्या भावाला शोधत गावोगाव फिरते, अशी गोष्ट. सातव्या रिळात ती एका नदीच्या काठी येते. पाण्यातून एक बैलगाडी पलीकडे निघालेली असते. मुलगी गाडीवानाला वाट विचारते, तो हात करून दाखवतो, आणि ती पहिल्यांदाच खुदकन हसते. बस्स, एवढंच. बोलणं जवळपास नाहीच, नुसता पाण्याचा आणि बैलांच्या गळ्यातल्या घुंगरांचा आवाज.

हा चित्रपट आमच्याकडे पहिल्यांदा मॅटिनीला लागला, त्याच्या पहिल्याच दिवशी नदीच्या प्रसंगात खालून एक दणदणीत आरोळी आली, "सर्जाऽऽ!"

सगळं थेटर दचकलं, मग हसलं. दुसऱ्या दिवशी त्याच जागी पुन्हा "सर्जाऽऽ!" तिसऱ्या दिवशी लोक पडद्याकडे कमी आणि आरोळीवाल्याकडे जास्त बघायला आले. अण्णा खूश. चौथ्या दिवशी तो माणूस स्वतःच जिना चढून केबिनच्या दाराशी आला. धोतर, पांढरी टोपी, पायातल्या वहाणा हातात. नाव कोंडाजी. राहुरीकडचा, मुळा नदीकाठचा शेतकरी.

"मिस्तरी," तो म्हणाला, "त्यो पांढरा बैल माझा हाय. सर्जा. शुटिंगवाल्यांनी आमचीच गाडी घेतल्ती. जरा एक काम करा, त्यो आला की मशीन थांबवा. डोळं भरून बघतो अन् जातो."

मी त्याला समजावलं. फिल्म मशीनमध्ये थांबली की कार्बनच्या उजेडानं क्षणात जळते. थांबवता येत नाही.

"मंग हळू चालवा."

तेही येत नाही म्हटल्यावर तो हिरमुसला. मग मी त्याला एक रीळ उलगडून दाखवलं. एका सेकंदाला चोवीस चित्रं पळतात आणि ती सगळी मिळून कोपरापासून बोटापर्यंत एक हात लांब भरतात. म्हणजे हातभर फिल्म म्हणजे एक सेकंद. त्यानं लगेच विचारलं, "आमचा सर्जा किती हात हाय?" मी अंदाजानं सांगितलं, चार हात. चार हात म्हटल्यावर त्याचं समाधान झालं. आठवडाभर रोज एस्टीनं आला, रोज आरोळी ठोकली, आणि गुरुवारी मला हरभऱ्याचे डहाळे देऊन गेला.

आता कबुली.

आम्हा ऑपरेटर लोकांची एक चाल होती. चाल कसली, खोड. प्रत्येकाच्या केबिनमध्ये एक पत्र्याचा डबा असायचा आणि त्यात आवडत्या चित्रपटांचे तुकडे. चित्रपट पुढच्या गावाला जाण्याआधी रीळ गुंडाळताना, जिथे मन अडकलं तिथे कात्री लावायची, दोन टोकं खरवडून चिकटवायची आणि तुकडा डब्यात. प्रिंटच्या पेटीत एक कार्ड असायचं, त्यावर लिहायचं, 'फिल्म तुटली, जोडली.' पुढच्या गावचा ऑपरेटरही तेच करायचा. याचा परिणाम असा की रद्दड चित्रपट जसाच्या तसा अखंड राहायचा आणि चांगला चित्रपट गावागणिक आखूड होत जायचा. पुन्हा पुन्हा बघावं असं जे जे होतं, ते ते आम्हीच आधी कापून नेलं. लोकांच्या आवडीवर बोलणाऱ्या मंडळींना हे ठाऊक नसतं, म्हणून लिहून ठेवतो.

त्या गुरुवारी मीही सातव्या रिळाला कात्री लावली. मला त्या मुलीचं हसू हवं होतं. हातभर फिल्म. डहाळ्यांचा हिरवा वास हाताला असतानाच मी ती कापली, हे मला अजून आठवतं.

दोनेक वर्षांनी, बहात्तरच्या दुष्काळातले ते उन्हाळी दिवस, तोच चित्रपट पुन्हा आमच्या मॅटिनीला आला. पावसानं ओढ दिलेली, गावंच्या गावं खडी फोडायच्या कामावर. तरी शुक्रवारी पहिल्या खेळाला कोंडाजी हजर. टोपीवर खडीची धूळ तशीच. मी वरून त्याला बघितलं आणि खिडकीआड झालो.

सातवं रीळ लागलं. मुलगी नदीकाठी आली. आणि एकदम टुणकन उडी मारावी तशी ती पलीकडच्या काठावर! ना गाडी, ना बैल, ना हसू. माझा एक हात गेला होता, पण मधल्या गावांनी बाकीचे तीनही फस्त केले होते.

खेळ सुटल्यावर तो वर आला. "मिस्तरी, सर्जा कुठं गेला?"

"प्रिंट जुनी झाली हो," मी म्हणालो. "तुटते मधेमधे."

"उद्याच्याला यील का?"

मी रीळ गुंडाळायला लागलो. तर हा गडी दुसऱ्या दिवशी पुन्हा आला, तिकीट काढून बसला. उडी पुन्हा तिथेच. त्या दिवशी तो वर आला तो दारातच बसला. मी त्याला माठातलं पाणी दिलं. पाणी पिऊन झाल्यावर तो खाली बघत बोलायला लागला.

"मिस्तरी, बैलासाटी इतक्या लांब कोन येतंय? त्या गाडीत माझं मानूस बसल्यालं हाय."

मग त्यानं जे सांगितलं ते असं. तो बायकोला पहिल्या बाळंतपणाला माहेरी पोचवायला निघाला होता. वाटेत नदीवर शुटिंगवाले भेटले. त्यांना गाडी हवी होती, पण गाडीवान त्यांचा. त्यांनी कोंडाजीला उतरवून काठावर उभं केलं आणि बाईला म्हणाले, तुम्ही बसून राहा, फक्त पाठ करून बसा, मागे बघू नका. परका माणूस कासरा धरून बसलेला बघून सर्जा पाण्यात अडून राहिला. शेवटी कोंडाजीनं काठावरून हाक मारली, "सर्जाऽऽ!" बैल चालायला लागला. पण हाक ऐकून गाडीतली बाई वळली.

"लई रागावलं ते सायब. म्हनलं, बाईनं वळायचं नव्हतं. पर ऊन उतरलं हुतं, तेच घेतलं त्यांनी. माझी हाक तेवडी काडून टाकली." त्यानं टोपीवरची धूळ झटकली. "म्हैन्याभरात गेली ती. पोरगी जगली. ना फोटू, ना काई. त्यो काठ बी आता धरनात गेला. लेकीला म्या आजवर सांगितलं न्हाई. आता गुरुवारी ती सासरहून येतीया. हौसा तिचं नाव. म्हनलं, एकदा तिला तिची आय दावावी."

मी विचारलं, पहिल्याच वेळी हे का नाही सांगितलं?

"चारचौघांत बायकोचं नाव घिऊन वरडू व्हय?" तो लाजून म्हणाला. "म्हनून बैलाला हाक मारीत हुतो."

तो गेल्यावर मी माझा बिस्किटांचा पत्र्याचा डबा उघडला. माझा हातभर तुकडा उजेडासमोर धरून भिंग लावलं. दोन वर्षांत तो मी शंभरदा तरी बघितला असेल, दरवेळी त्या मुलीचं हसू बघायला. तिच्या मागे, गाडीत, डोक्यावर पदर घेतलेली एक बाई वळून बघत होती. ठसठशीत कुंकू, मोठे डोळे. इतकी स्वच्छ, की ती मला आजवर दिसली कशी नाही याची मला लाज वाटली. आपण माणसाची बायको बिस्किटांच्या डब्यात घालून ठेवली होती.

एका हातानं भागणार नव्हतं. बाकीचे तुकडे शोधायला हवे होते. आमच्यानंतर प्रिंट श्रीरामपूरला गेल्याचं कार्डावर होतं आणि तिथला ऑपरेटर बशीरभाई माझा जुना दोस्त. मंगळवारी माझी सुट्टी होती. सकाळची पहिली एस्टी धरून त्याच्या घरी थडकलो. तो दात घासत होता.

"मी तुकडे घेतो? मी?" बशीरभाईनं तोंडातली पूड थुंकली. "अरे दत्तू, मी हाजी माणसाचा पोरगा आहे."

"सातवं रीळ. नदी. बैलगाडी."

त्यानं चूळ भरली. मग म्हणाला, "पानी काय चमकतं रे त्यात! चांदीच जशी." आणि आत जाऊन त्यानं तूप ठेवायची जुनी बरणी आणली. त्यात दीड हात तुकडा होता. मी त्याला कोंडाजीची हकीकत सांगितली. त्यानं ऐकून घेतलं, बरणी पुसली आणि म्हणाला, "ने. मागायला येणार नाही. पण तुझ्या डब्यात दिसला तर याद राख."

बुधवारी सकाळी मी जोडकाम केलं. आधी बशीरचे बैल, मग माझी बाई. फिल्म जोडणं म्हणजे टोक ब्लेडनं खरवडायचं, त्यावर फिल्म चिकटवायच्या द्रवाचा एक थेंब, आणि दाबून धरून मनात वीस मोजायचे. पण बशीरचा तुकडा तुपाच्या बरणीत राहून कडेनं आखडला होता. त्या दुपारच्या खेळात नेमका तोच जोड मशीनमध्ये सुटला. पडदा पांढरा, खाली बोंबाबोंब. अण्णा वर आले.

"दत्तू, त्या बैलापायी माझी मॅटिनी बंद पाडतोस काय? काढून टाक तो तुकडा!"

"अण्णा, उद्याचा एक दिवस द्या. उद्या तुटला तर मीच काढतो."

त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं आणि जिना उतरून गेले. भला माणूस. संध्याकाळी मी तो जोड उकलला, पुन्हा खरवडला, पुन्हा चिकटवला. त्यात आणखी चार-पाच चित्रं खर्ची पडली. चार हातांतले आता सव्वादोन उरले होते.

गुरुवारी कोंडाजी आला तो एकटा नव्हता. खडीच्या कामावरची आठ-दहा माणसं खाडा करून बरोबर आलेली, आणि त्यांच्या मधोमध हिरव्या लुगड्यातली हौसा. अण्णांनी त्यांना मधली रांग दिली आणि, हे मी मुद्दाम नोंदवतो, सगळे पंखे लावले.

सहावं रीळ संपत आलं. काळा ठिपका आला. मी दुसरं मशीन चालू केलं. सातवं लागलं. मी फिल्मच्या कडेला बोट लावून उभा राहिलो, जणू धरून ठेवलं तर ती तुटणार नव्हती. मुलगी काठावर आली. खट्, पहिला जोड गेला. बैल पाण्यात. खट्, दुसरा. बाई वळली. तिसरा जोडही सुटला नाही.

आरोळी मात्र आली नाही. मी खिडकीतून बघितलं. कोंडाजी तोंडावर टोपी दाबून बसला होता. हौसा उभी राहिली होती आणि मागच्या रांगेतलं कुणीही तिला 'खाली बसा' म्हणालं नाही.

खेळ सुटल्यावर दोघं वर आली.

"दिसली का गं?" मी विचारलं.

"दिसली," हौसा म्हणाली. "माज्यावानीच हाय की. पर नीट बगायच्या आत गेली."

मग मला राहवलं नाही. मी सगळं सांगून टाकलं. कात्री, डबा, कार्डावरचं खोटं. कोंडाजी चिडेल, शिव्या देईल, अशी माझी तयारी होती. त्यानं डब्यात डोकावून बघितलं.

"म्हंजे दोन वरीस ती तुमच्याकडं हुती व्हय?" तो म्हणाला. "नीट ठिवल्ती ना?"

मी कात्री घेतली आणि सातवं रीळ उलगडायला लागलो. म्हटलं, आज इथला शेवटचा दिवस. हा तुकडा मी कापून देतो, तुमच्या घरीच राहू द्या, तुमचाच आहे. हौसानं हातही पुढे केला होता. मी तिला तो भाग उजेडासमोर धरून दाखवला. तिनं बघितलं, मग बापाच्या हातात दिला. कोंडाजीनं भिंगातून एकेक चित्र बघितलं आणि मान हलवली.

"न्हाई मिस्तरी. ह्यात ती नुसती थांबल्याली हाय. वळत न्हाई. तितंच ऱ्हाऊ द्या तिला. तितं ती वळती."

कात्री मी परत खिळ्याला अडकवली. कार्डावर त्या दिवशी पहिल्यांदा खरं लिहिलं, 'तुकडे परत जोडले.' आणि पोस्टाची कार्डं आणून, पुढे ज्या ज्या गावी ती प्रिंट जायची होती तिथल्या ऑपरेटरला एकच मजकूर पाठवला: 'सातव्या रिळात नदीतली बैलगाडी आहे. तिला कात्री लावू नका. गाडीत बाळंतपणाला निघालेली बाई आहे.' उत्तर एकाचंही आलं नाही. ऑपरेटर लोकांना लिहिण्याचा भारी कंटाळा. माझी खात्री होती की तो तुकडा आता कुणाच्या तरी बरणीत जाणार.

दुष्काळ सरला, दोन चांगले पावसाळे झाले, आणि तो चित्रपट तिसऱ्यांदा आमच्याकडे आला. प्रिंटची पार रया गेली होती. मी सातवं रीळ गुंडाळायच्या बाकावर चढवलं आणि कडेला बोट ठेवून हळूहळू गुंडाळायला लागलो. जोड बोटाला लागतो, बघावं लागत नाही. सुरुवातीलाच नवे पाच-सहा जोड लागले. मंडळींनी बाकी कुणाचीही गय केली नव्हती. नदी आली. एक जोड, दुसरा, तिसरा. तिन्ही माझेच. चौथा नाही. अख्ख्या जिल्ह्यात फिरून आलेल्या त्या सव्वादोन हातांना एकाही हलकटानं हात लावला नव्हता. मी तिथेच स्टुलावर बसलो आणि माझ्या जातभाईंचा मला जो काही अभिमान वाटला तो काय सांगू!

म्हणून संपादक महाशय, माझा आवडता चित्रपट तो. त्याची गोष्ट आज विचाराल तर धड सांगता येणार नाही, आणि त्या मास्तराच्या मुलीला भाऊ सापडला की नाही, याबद्दल माझी बायको आणि मी अजून भांडतो.

त्या तिसऱ्या वेळच्या खेळाला कोंडाजी आला होता. हौसा होती, तिच्या कडेवर लेक होती. सातवं रीळ लागलं, गाडी पाण्यात शिरली आणि बैल अडला. लोक सर्जाकडे बघत होते. मी एकटा मागे गाडीत बघत होतो.

"सर्जाऽऽ!" कोंडाजीनं हाक मारली.

आणि ती वळली.